टोमॅटोच्या वाणाला टनांचाच मापदंड का?

टोमॅटोचे नवे वाण प्रसारित झाल्याची बातमी येते, तेव्हा तिच्या पहिल्याच वाक्यात एक आकडा ठरलेला असतो: हेक्टरी इतके टन. दुसऱ्या वाक्यात मागच्या वाणापेक्षा किती टक्के अधिक, तिसऱ्यात संबंधितांचे समाधान, आणि बातमी संपते. त्या फळात साखर किती, आम्ल किती, रंगद्रव्य किती, शंभर किलो फळ आटवले तर हाती काय लागेल, याविषयी बहुधा एक अक्षरही नसते. यात वार्ताहराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हाती दिलेल्या पत्रकातच ते आकडे ठळक नसतात. आणि पत्रकात ते ठळक नसतात, कारण वाणाची निवड ज्या काट्यावर होते त्या काट्याला ते दिसत नाहीत.

टोमॅटोच्या फळात ९४ ते ९५ टक्के पाणी असते. साखर, सायट्रिक आणि मॅलिक आम्ल, क्षार, तंतू, रंगद्रव्ये आणि ज्याला माणूस चव म्हणतो ते सारे उरलेल्या पाच-सहा टक्क्यांत सामावलेले असते. यातील पाण्यात विरघळणाऱ्या भागाचे माप ब्रिक्स अंशांत घेतात. आता दोन शेतांचा विचार करावा. पहिल्यात हेक्टरी १०० टन माल निघाला आणि त्याचा ब्रिक्स ४ भरला. दुसऱ्यात ८० टन निघाला आणि ब्रिक्स ५ भरला. पहिल्या शेताची बातमी होईल, दुसऱ्याची होणार नाही. प्रत्यक्षात दोन्ही शेतांतून विद्राव्य घनपदार्थ निघाले ते सारखेच, ४ टन. पहिल्या शेतकऱ्याने जे २० टन अधिक पिकवले ते पाणी होते. ते पाणी तोडण्याची मजुरी त्याने दिली, ते क्रेटमध्ये भरले, टेम्पोत चढवले, त्यावर हमाली आणि तोलाई भरली. हे पाणी त्याच्या विहिरीतूनच आले होते, हेही विसरता कामा नये.

कारखान्याच्या दारात हा हिशेब आणखी बोचरा होतो. टोमॅटोची दाट पेस्ट साधारणतः २८ ब्रिक्सच्या पुढे आटवावी लागते. ४ ब्रिक्सच्या फळापासून एक किलो पेस्ट करायला साल-बियांची तूट सोडूनही ७ किलो रस लागतो आणि त्यातील ६ किलो पाणी वाफ करून उडवावे लागते. ५ ब्रिक्सच्या फळाला ५.६ किलो रस पुरतो आणि वाफ करायचे पाणी ४.६ किलोवर येते. अवघ्या एका अंशाच्या फरकाने इंधनाचा जवळजवळ पाव भाग वाचतो. भारतात दरवर्षी दोन कोटी टनांच्या आसपास टोमॅटो पिकतो, चीनखालोखाल जगात दुसरा क्रमांक लागतो, आणि त्यातला अगदी नगण्य हिस्सा प्रक्रियेला जातो. या विसंगतीवर दरवर्षी परिसंवाद होतात; शीतगृहे, रस्ते, अनुदान यांवर बोलले जाते. फळ कारखान्याच्या कामाचे आहे का, हा प्रश्न त्या यादीत फार खाली असतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. गावोगावच्या दूध संकलन केंद्रावर रोज सकाळ-संध्याकाळ फॅट आणि एसएनएफ मोजले जाते आणि भाव त्यावर ठरतो. दोन गाई असलेल्या बाईलाही ठाऊक असते, की दुधात पाणी वाढले की लिटर वाढतात पण पैसे वाढत नाहीत. उसाचा रास्त व किफायतशीर दर साखर-उताऱ्याशी बांधलेला आहे आणि पॉइंटभर उताऱ्यावरून या राज्यात आंदोलने झाली आहेत. नाशिक जिल्ह्यातला द्राक्ष बागायतदार तर काढणीपूर्वी घडातले मणी पिळून रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवतो, डोळा लावून ब्रिक्स वाचतो आणि मगच व्यापाऱ्याला बोलावतो. त्याच जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचे २० किलोचे क्रेट लिलावाला लागतात, आणि तिथे मोजला जातो तो आकार, रंग आणि टणकपणा. द्राक्षासाठी खिशात असलेले उपकरण टोमॅटोसमोर बाहेर निघत नाही. जे मोजले जात नाही त्याला भाव मिळत नाही, ज्याला भाव नाही ते शेतकरी मागत नाही, आणि जे शेतकरी मागत नाही त्यासाठी पैदासकार दहा वर्षे खर्च करत नाही. टोमॅटोचे पचपचीतपण हे कोणा एकाचे कारस्थान नाही. ते या साखळीचे फलित आहे.

यावर एक शास्त्रीय आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. उत्पादन आणि ब्रिक्स यांचे नाते व्यस्त असते, असे पैदासकार सांगतात. झाडाची पाने दिवसाला ठरावीक साखर तयार करतात. फळे वाढली किंवा मोठी झाली की तीच साखर अधिक फळांत वाटली जाते आणि पातळ होते. हे खरे आहे. परंतु हे नाते अढळ नियम असल्यासारखे मांडणे खरे नाही. १९६२ च्या डिसेंबरात पेरूच्या अँडीज पर्वतात ह्यू इल्टिस आणि डोनाल्ड उजेंट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांना रस्त्याकडेला एक चिकट, हिरव्या क्षुद्र फळांचा रानटी टोमॅटो सापडला. त्यांनी बी गोळा करून कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे चार्ल्स रिक यांच्याकडे पाठवले. ती पुढे स्वतंत्र प्रजाती ठरली, सोलॅनम चमिलेव्हस्की. खाण्याच्या दृष्टीने निरुपयोगी अशा त्या फळातील जनुके रिक यांनी अनेक पिढ्यांच्या संकरातून लागवडीच्या टोमॅटोत आणली, तेव्हा घनपदार्थांचे प्रमाण लक्षणीय वाढले. पुढे इस्रायलमध्ये डॅनी झमीर यांच्या गटाने सोलॅनम पेनेली या दुसऱ्या रानटी नातलगाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकेक करून लागवडीच्या टोमॅटोत बसवले आणि त्यातून साखर वाढवणारा एक नेमका तुकडा वेगळा काढला. फळातील साखर खेचून घेणाऱ्या एका विकराचे जनुक त्यात निघाले. अशा तुकड्यांनी हेच दाखवले, की व्यस्त नाते सैल करता येते. त्यासाठी ते सैल करण्याची इच्छा मात्र लागते.

इच्छा नसताना काय होते, याचे उदाहरण २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ते मुळातून वाचण्याजोगे आहे. जुन्या टोमॅटोच्या देठाजवळ कच्चेपणी गडद हिरवा खांदा असे. पिकताना तो भाग उशिरा रंगे आणि फळ डागाळल्यासारखे दिसे. सत्तरएक वर्षांपूर्वी पैदासकारांना असे एक उत्परिवर्तन मिळाले, की ज्यात कच्चे फळ सर्वत्र फिकट हिरवे असते आणि सगळीकडून एकदम लाल होते. व्यापाऱ्याला ते आवडले, यंत्राने तोडणाऱ्याला सोयीचे झाले, आणि जगातल्या बहुतेक आधुनिक वाणांत ते शिरले. संशोधकांनी त्या जनुकाचा शोध घेतला तेव्हा कळले, की ते फळातील हरितकणूंची वाढ घडवणारे जनुक होते आणि उत्परिवर्तनात ते मोडलेले होते. फळ स्वतःपुरती थोडी साखर स्वतः बनवत असे. तो उद्योग बंद पडला. दिसायला एकसारखे झालेले फळ साखरेने आणि रंगद्रव्यांनी दुबळे झाले, आणि सात दशके हे कोणाच्या ध्यानात आले नाही. चव कमी करावी असे कोणीही ठरवले नव्हते. निवडीच्या तक्त्यात चवीचा रकाना नव्हता, एवढेच.

२०१७ साली हॅरी क्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे चारशे वाणांची जनुकीय माहिती आणि रासायनिक पृथक्करण एकत्र मांडून हेच अधिक व्यापकपणे दाखवले. टोमॅटोचा स्वाद केवळ साखर आणि आंबटपणाचा नसतो. त्यात काही बाष्पशील द्रव्ये असतात, त्यांचे फळातील प्रमाण अत्यल्प, पण नाकाला त्यांची जाणीव तीव्र. आधुनिक वाणांत त्यांतली अनेक द्रव्ये जुन्या वाणांपेक्षा क्षीण झाली आहेत. ती परत आणायला फळाचे वजन घटवावे लागेलच असे नाही, असाही त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

आता टणकपणाकडे वळू. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या बाजारात सायंकाळी भरलेला ट्रक जयपूरकडे निघाला, तर त्याला हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापायचे असते. सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या घरी कोशिंबिरीत पडणारे फळ तोपर्यंत उन्हातून, खड्ड्यांतून, तीन-चार हातांतून गेलेले असते. ते तग धरून पोहोचावे म्हणून ते रंग फिरू लागताच तोडले जाते आणि त्याची साल जाड, गर घट्ट असावा लागतो. अशा परिस्थितीत महाराष्ट्रातल्या टोमॅटोचा खरा पैदासकार ट्रक आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. म्हणून टणकपणाची थट्टा करणे हा शहरी चोचला ठरेल. नाजूक, रसाळ फळ वाटेत फुटले तर नुकसान खाणाऱ्याचे होत नाही, पिकवणाऱ्याचे होते.

प्रश्न इतकाच, की टणकपणा मिळवण्याचा मार्ग कोणता. आजवरचा सोपा मार्ग म्हणजे पिकण्याची क्रियाच मंदावणारी उत्परिवर्तने संकरात वापरणे. त्यांत फळ टिकते, पण पिकण्याबरोबर येणारा रंग आणि गंधही अर्धवट राहतो. दुसरा मार्ग म्हणजे पिकणे चालू ठेवून केवळ पेशीभित्तिका विरघळवणाऱ्या विकरांना आवर घालणे. या दुसऱ्या मार्गावरचे एक उल्लेखनीय काम दिल्लीत झाले आहे. राष्ट्रीय वनस्पती जनुक संशोधन संस्थेत आशिष दत्ता, शुभ्रा चक्रवर्ती, निरंजन चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी पिकताना क्रियाशील होणाऱ्या दोन विकरांची जनुके दाबली आणि फळ सुमारे तीस दिवस अधिक टिकते असे दाखवले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात ते फेब्रुवारी २०१० मध्ये छापून आले. त्याच महिन्यात, ९ फेब्रुवारी २०१० रोजी, तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. टोमॅटो वांग्याच्याच कुळातला. वातावरण असे झाले, की त्या कुळातल्या कोणत्याही जनुकांतरित फळाचा पुढे प्रवास होणे अवघड. आजही भारतात एकाही जनुकांतरित टोमॅटोला लागवडीची परवानगी नाही. बाजारातल्या टणक टोमॅटोकडे बोट दाखवून ‘हा जीएम आहे’ असे सांगणारे संदेश दर हंगामात फिरतात, त्यांच्या माहितीसाठी एवढे पुरे.

स्थगिती योग्य होती की अयोग्य, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. परंतु सार्वजनिक पैशातून झालेले काम दीड दशक ना स्वीकारायचे ना तपासून फेटाळायचे, या पद्धतीचे समर्थन करणे कठीण आहे. तपासून फेटाळले असते तर निदान विद्यार्थ्यांना कारण कळले असते.

रोगप्रतिकाराच्या बाबतीत भारतीय सार्वजनिक पैदासीने जे केले, त्याचा अभिमान बाळगण्याऐवजी ते विसरले गेले आहे. पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा पर्णगुच्छ विषाणू टोमॅटोचा जुना वैरी. पाने वळतात, झाड खुरटते, फळधारणा थांबते. हिसारच्या कृषी विद्यापीठात जी. कल्लू यांनी सोलॅनम हॅब्रोकायटिस या रानटी प्रजातीतून प्रतिकार लागवडीच्या टोमॅटोत आणला आणि एच-२४ हे वाण घडवले. त्यातील जनुक आज जगभर टीवाय-२ या नावाने ओळखले जाते आणि आशिया, आफ्रिकेतील अनेक पैदास कार्यक्रमांनी ते वापरले. भारतातील कोणत्या टोमॅटोने जगाला काय दिले, असा प्रश्न स्पर्धा परीक्षेत विचारला तर किती जण हे उत्तर देतील?

बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत ए. टी. सदाशिव यांच्या गटाने केलेले अर्का रक्षक हे संकरित वाण पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिघांना तोंड देते. तीन वेगवेगळ्या स्वभावाच्या रोगांचा प्रतिकार एका झाडात आणणे हे मोठे काम आहे, कारण त्यामुळे फवारणीचा खर्च आणि विषाचा भार दोन्ही उतरतात. पण देशभर गाजली ती बातमी कोणती? ‘एका झाडाला १९ किलो टोमॅटो’. संस्थेने वैद्याचे काम केले आणि वर्तमानपत्रांनी त्याला पैलवान म्हणून मिरवले.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची कथा याहून उदास आहे. तिथे धनश्री, भाग्यश्री, राजश्री अशी वाणे तयार झाली. त्यांतले भाग्यश्री तर लायकोपीनचे प्रमाण अधिक, गर भरपूर, बिया कमी, म्हणून प्रक्रियेसाठी शिफारस केलेले. म्हणजे ज्या गुणांच्या अभावाबद्दल येथे तक्रार चालली आहे, ते गुण डोळ्यांपुढे ठेवून केलेले वाण राज्याच्या स्वतःच्या विद्यापीठाकडे आहे. नारायणगाव, संगमनेर, पिंपळगावच्या बाजारांत मात्र राज्य चालते ते खासगी कंपन्यांच्या संकरित वाणांचे. शेतकऱ्याला त्यासाठी दोष देता येत नाही. खासगी रोप वेळेवर रोपवाटिकेत मिळते, माल एकसारखा निघतो, दूरच्या बाजाराला टिकतो, आणि बांबू-तारेच्या आधारावर केलेल्या एकरी लाखांच्या गुंतवणुकीत प्रयोगाला जागा नसते. विद्यापीठाने वाण दिले. त्याला ग्राहक देणारा कारखाना, गुणांवर भाव देणारा करार आणि मुबलक बी या तीन गोष्टी कोणी द्यायच्या, हे कधी ठरलेच नाही. वाण प्रसारित करणे म्हणजे शिफारस पुस्तिकेत छापणे, असा अर्थ रूढ झाला आहे.

दुसरीकडे खासगी वाणांविषयी शेतकऱ्याला कळते किती? १९६६ च्या बियाणे कायद्याखाली प्रमाणीकरण ऐच्छिक आहे; अधिसूचित नसलेले संकरित बियाणे उत्पादकाच्या स्वतःच्या लेबलावर विकता येते. २०२० च्या उन्हाळ्यात पुणे, अहमदनगर, नाशिक भागांत फळांवर लाल-पिवळे-हिरवट पट्टे येऊन माल फुकट गेला. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटले. बंगळुरूला पाठवलेल्या नमुन्यांत काकडीवरील मोझॅक विषाणू प्रामुख्याने आढळला. तोपर्यंत मात्र गावागावांत बियाणे दोषी की हवामान, रोपवाटिका की टाळेबंदी, यावर भांडणे होऊन गेली होती, आणि कोणत्या वाणाने कुठे किती तग धरला याची तटस्थ, सर्वांना वाचता येईल अशी नोंद शेतकऱ्याच्या हाती नव्हती. कंपनीला खलनायक ठरवणे सोपे आहे. त्यापेक्षा, स्वतंत्र चाचणीविना इतक्या महाग पिकाचे बी विकता यावे ही रचना कोणी चालू ठेवली, हे विचारणे उपयोगाचे.

पोषणाच्या नावाने जे चालते तेही एकदा तपासले पाहिजे. ‘लायकोपीनयुक्त’, ‘अ जीवनसत्त्वाने समृद्ध’ अशी विशेषणे एका श्वासात लावली जातात. लायकोपीन हे लाल रंगद्रव्य उपयुक्त प्रतिऑक्सिडीकारक असले तरी शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवू शकत नाही. ते बनते बीटा-कॅरोटीनपासून, आणि टोमॅटोत बीटा-कॅरोटीन वाढवणारे जनुक लायकोपीनचेच रूपांतर करून ते वाढवते; परिणामी फळ नारिंगी होते. म्हणजे एक वाढले की दुसरे घटते. नारिंगी टोमॅटो भारतीय ग्राहक कच्चा समजून बाजूला सारतो, म्हणून ते वाण मागे पडते, आणि लाल वाणावर पोषणाचे लेबल चिकटते. शंभर ग्रॅम फळात कोणते द्रव्य किती मिलिग्रॅम, हे सांगितल्याशिवाय ‘पोषक वाण’ या शब्दाला अर्थ नाही. स्वयंपाकघराचा भागही यात आहेच: लायकोपीन शिजवल्यावर आणि तेलातुपासोबत अधिक चांगले शोषले जाते. तुपाची फोडणी दिलेले टोमॅटोचे सार या दृष्टीने कोशिंबिरीपेक्षा सरस ठरते, आणि त्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची परवानगी लागत नाही.

इंग्लंडमधील कॅथी मार्टिन यांच्या गटाने जांभळा टोमॅटो केला, पुढे जनुक संपादनाने ड जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य साठवणारा टोमॅटोही केला. जपानमध्ये २०२१ पासून जनुक संपादित, गाबा हे द्रव्य अधिक असलेला टोमॅटो विकला जातो. भारतात ३० मार्च २०२२ च्या आदेशाने, बाहेरचे जनुक अंतिम रोपात न उरणाऱ्या संपादित पिकांना जनुकांतरित पिकांच्या कठोर नियमांतून सूट मिळाली आणि मे २०२५ मध्ये दोन संपादित भातवाणे जाहीर झाली. टोमॅटोवर हे तंत्र वापरणे भातापेक्षा अवघड नाही. २०१२ साली पूर्ण झालेल्या त्याच्या जनुकसंचाच्या वाचनात पाचवे गुणसूत्र भारतीय संस्थांनी वाचले होते. तंत्राबद्दलचा उत्साह म्हणून समजण्यासारखा आहे. पण कात्री कितीही धारदार असली तरी काय कापायचे हे कात्री सांगत नाही. निवडीचा निकष टनच राहिला तर संपादनही अधिक वेगाने पाणीच वाढवेल.

या वादात दुसऱ्या टोकाला ‘गावठी टोमॅटोच खरा’ म्हणणारे उभे असतात. टोमॅटो मुळात अमेरिकेतला. विदर्भात त्याला भेदरे म्हटले म्हणून तो वऱ्हाडात जन्मला असे होत नाही. ज्याला लोक आज जुने देशी वाण म्हणतात त्या पुसा रुबीच्या वंशावळीत सू हे अमेरिकी वाण आणि सुधारित मेरुती आहेत. जुन्या वाणांत स्वाद होता हे मान्य. ती रोगाला बळी पडत, दोन दिवसांत मऊ होत, हेही मान्य करावे. त्यांची जागा पैदासीच्या साहित्यात, जनुकपेढीत आणि परसात आहे. पाच एकर तारकाठीवर लावून कर्ज फेडण्यासाठी ती नाहीत.

सर्वांत जोरदार आक्षेप मात्र शेतकऱ्याच्या नावाने घेतला जातो: त्याला उत्पादनच हवे असते. त्याला हवे असते उत्पन्न. २०२३ च्या जुलैत नारायणगाव-पिंपळगावात २० किलोचे क्रेट दोन हजार रुपयांच्या घरात गेले, शहरांत किलोचा भाव दोनशेला भिडला, केंद्र सरकारने स्वस्त विक्रीच्या गाड्या उभ्या केल्या, ऑगस्टमध्ये नेपाळहून माल आणला. सप्टेंबरात तेच क्रेट शंभर रुपयांच्या आसपास कोसळले आणि तोडणी-वाहतूकही न सुटल्याने माल रस्त्यावर ओतला गेला. ज्या सप्टेंबरात क्रेटचा खर्च निघत नाही, त्या सप्टेंबरात हेक्टरी वीस टन अधिक देणारे वाण शेतकऱ्याला काय देते? ओतायला अधिक टोमॅटो. खाणाऱ्याची भूक भाव पडला म्हणून दुप्पट होत नाही. जास्तीचा माल शोषून घेणारे दुसरे दार लागते आणि ते दार प्रक्रियेचे आहे. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा, बटाटा यांसाठी ५०० कोटींची ‘ऑपरेशन ग्रीन्स’ जाहीर झाली ती याच हेतूने. पण ताज्या बाजारासाठी घडवलेले, ४ ब्रिक्सचे, आठवडेच्या आठवडे थोडे थोडे पिकणारे फळ कारखान्याला परवडत नाही. त्याला एकदम पिकणारे, बुटके, गरदार, गडद लाल फळ लागते. दार बांधले, पण त्यातून आत जाईल असे फळच लावले नाही, अशी ही अवस्था.

इथे कॅलिफोर्नियाचे अनुकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. १९६० च्या दशकात जॅक हॅना यांनी यंत्राने तोडता येईल असा घट्ट टोमॅटो आणि कोबी लॉरेन्झन यांनी तो तोडणारे यंत्र घडवले. उत्पादनाचा खर्च घटला, त्याचबरोबर हजारो तोडणी मजुरांचे आणि लहान शेतकऱ्यांचे स्थान गेले. सार्वजनिक विद्यापीठाने कोणासाठी संशोधन करावे यावर तिथे मोठा वाद झाला. महाराष्ट्रात टोमॅटोची तोडणी बहुतांशी बायकांच्या हातून होते. कारखान्याला योग्य वाण म्हणजे यंत्राला योग्य वाण, असे समीकरण इथे मांडले तर त्याची किंमत त्याच बायका देतील. घनपदार्थ वाढवणे आणि हात हटवणे ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत आणि पैदासकाराला ती वेगळी ठेवता येतात.

मागणी फार मोठी नाही. देशभरातील समन्वित भाजीपाला चाचण्यांत विद्राव्य घनपदार्थ नोंदले जातात, पण वाणाचे भवितव्य ठरते ते प्रामुख्याने उत्पादनाच्या तुलनेवर. तिथे हेक्टरी टनांच्या शेजारी ‘हेक्टरी विद्राव्य घनपदार्थ’ हा गुणाकार छापावा आणि निवडीत त्याला वजन द्यावे. आम्लता, लायकोपीन आणि बीटा-कॅरोटीन यांचे आकडे वाणागणिक, ठिकाणागणिक खुले करावेत. खासगी वाणांनाही त्याच चाचणीत, त्याच तक्त्यात उभे करावे. कारखान्याशी होणाऱ्या करारात आधारभूत ब्रिक्स आणि त्यावरच्या प्रत्येक दशांशाला वाढीव दर असावा, जसा दुधात फॅटला असतो. राहुरीसारख्या विद्यापीठांनी वाणासोबत बी आणि खरेदीदार दोन्ही जोडून द्यावेत, आणि त्यासाठी लागणारा पैसा पुढच्या टंचाईत स्वस्त विक्रीच्या गाड्यांवर उधळण्याआधी बाजूला काढावा. हातात धरायचा साधा रिफ्रॅक्टोमीटर काही हजार रुपयांत मिळतो. नारायणगावच्या लिलावात एखाद्या व्यापाऱ्याने तो क्रेटशेजारी ठेवला आणि पाच ब्रिक्सच्या मालाला वीस रुपये चढे बोलला, तर पुढच्या हंगामात रोपवाटिकेत शेतकरी पहिला प्रश्न वेगळा विचारेल.